अभिमान आणि उधारी



आपल्या परभणीविषयी दोन म्हणी गावोगाव ऐकू येतात. एक आपण छाती पुढे काढून सांगतो : "जगात जर्मनी आणि भारतात परभणी." दुसरी जरा हसत, हलक्या आवाजात सांगतो : "बनी तो बनी, नहीं तो परभणी." बाहेर जमले तर ठीक, नाही तर आपली परभणी आहेच, असा तिचा भाव. या म्हणी कशा निघाल्या याची चर्चा आज करायची नाही. जर्मनीच्या शेजारी परभणीला नेऊन बसवताना आपल्या मनात नेमका कशाचा अभिमान असतो, एवढेच आज तुमच्याशी बोलायचे आहे.

एस. टी. स्टँडवर, पारावर किंवा शाळेच्या ओसरीवर हा प्रश्न विचारून पाहा. उत्तरे बहुधा तीनच येतात. कोणी म्हणेल, आमच्या गावचे जवान. कोणी म्हणेल, आमची काळी जमीन आणि आमची गंगा. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो. गंगाखेडचे नाव तिच्यावरूनच पडले. आणि तिसरा म्हणेल, आमचा गोंधळ, आमचे भारूड, आमचा पोवाडा. म्हणजे सैनिक, भूमी आणि लोककला.

यात आपले काही वेगळेपण आहे असे मात्र नाही. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत २०२३ साली आपले राज्यगीत झाले. राजा बढे यांनी ते लिहिले, श्रीनिवास खळे यांनी चाल दिली आणि शाहीर साबळे यांनी ते गायिले. त्यात नद्या आहेत, सह्याद्री आहे, मर्दुमकी आहे, आणि गाणारा शाहीर. तिन्ही गोष्टी एकाच गाण्यात आल्या. सीमेपलीकडे पाहा. पाकिस्तानात ६ सप्टेंबर हा संरक्षण दिन म्हणून पाळतात. १९६५ च्या युद्धात नूरजहाँ यांनी तिथल्या नभोवाणीवर आपल्या सैनिकांसाठी गाणी गायिली. फाळणीपूर्वी याच नूरजहाँ मुंबईच्या बोलपटांत गात होत्या. तिथल्या लोकांना आपल्या हिमशिखरांचा आणि सिंधू नदीचा अभिमान आहे. शाह अब्दुल लतीफ भिटाई यांच्या काव्याचा आहे आणि वेलबुट्टीने रंगवलेल्या मालमोटारींचाही आहे. ज्यांच्याशी आपण लढलो त्यांचाही अभिमान याच तीन खुंट्यांवर टांगलेला दिसतो. तेव्हा अभिमान बाळगण्यात चूक काही नाही. तो माणसाचा स्वभावच आहे, आणि त्यासाठी शेजाऱ्याचा द्वेष करण्याचीही गरज नाही.

परंतु एक गोष्ट मला खटकते. सीमेवर मी उभा राहिलो नाही. गोदावरी मी आणली नाही. संबळावर माझी टिपरी कधी पडली नाही. मग अभिमान माझा कसा? दुकानात उधारीची वही असते, तिच्यात आपल्या नावापुढे आकडा असतो. तो आकडा वाचून कोणी छाती फुगवत नाही. फेडायचे कसे, याचा विचार करतो. सैनिक, नदी आणि लोककलावंत यांची आपल्या नावावर अशीच उधारी आहे. अभिमान म्हणजे ती मान्य करणे. मान्य केली की फेडण्याचा प्रश्न आलाच.

प्रथम सैनिकाकडे वळू. १७ सप्टेंबर हा आपला मुक्तिदिन. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. आपली जुनी माणसे याला 'पोलीस अॅक्शन' म्हणत. त्याआधी आपल्या माणसांनी किती सोसले ते तुम्हांला घरोघर ऐकायला मिळाले असेल. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात कामी आले. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज तिथे उभे आहे.

आता दुसऱ्या एका माणसाची गोष्ट ऐका. अर्देशिर तारापोर हे पारशी गृहस्थ. जन्म मुंबईचा, १९२३ चा, शिक्षण पुण्याला. ते अधिकारी झाले हैदराबाद संस्थानच्या फौजेत, म्हणजे ज्या राजवटीतून आपण सुटलो तिच्या फौजेत. संस्थान विलीन झाल्यावर ते भारतीय सैन्यात आले आणि पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीत दाखल झाले. १९६५ साली सियालकोट आघाडीवर ते या पलटणीचे प्रमुख होते. ११ सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत ते जखमी झाले, पण मागे जायला त्यांनी नकार दिला आणि पलटण पुढे नेली. १६ सप्टेंबरला त्यांच्या रणगाड्यावर गोळा पडला आणि ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले.

तारीख पाहा, श्रोतेहो. १६ सप्टेंबर, म्हणजे आपल्या मुक्तिदिनाची पूर्वसंध्या. निजामाच्या फौजेत नोकरी सुरू केलेला माणूस सतरा वर्षांनी भारतासाठी प्राण देतो. देशाचा सैनिक कोण, हे त्याच्या धर्मावरून किंवा पहिल्या गणवेशावरून ठरत नाही, हे आपल्या मराठवाड्याने तरी नीट ध्यानात ठेवले पाहिजे. मुक्तिदिनाच्या भाषणात बहिर्जींचे नाव घ्याल तेव्हा तारापोरांचेही घ्या.

साताऱ्याकडे अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. तिथे त्यांचे स्मारक आहे आणि गावाला ते तोंडपाठ आहे. आपल्या गावातून कोण कोण फौजेत गेले, हे तुमच्या शाळेतल्या मुलांना सांगता येईल का? ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी छातीवर बिल्ला लावून आपण मोकळे होतो. पण त्याच गावात एखाद्या जवानाची म्हातारी आई निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी कोणाचा तरी हात शोधत असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत तिच्यासोबत जायला कोणी तयार होत नाही. ही झाली पहिली उधारी.

दुसरी उधारी भूमीची. १९६५ चे ते युद्ध २३ सप्टेंबरला थांबले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी पैठणजवळ जायकवाडी धरणाची कोनशिला बसवली. 'जय जवान, जय किसान' ही घोषणा त्याच वर्षीची. धरणाचे उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा. तो आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. युद्धाच्या धामधुमीतही जवानासोबत किसानाची आठवण ठेवली गेली, आणि तिचे पाणी आजही आपल्या उसाला आणि गव्हाला लागते.

गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. आपल्याकडे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असा तिचा काठ. गंगाखेड ही जनाबाईची जन्मभूमी. या काठची काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन घेते आणि त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. तिथे निघालेल्या ज्वारीच्या वाणांना 'परभणी मोती' आणि 'परभणी ज्योती' अशी नावे आहेत. भाकरीला गावाचे नाव मिळाले, याहून मोठा मान कोणता?

पण गंगेच्या पात्रात उन्हाळ्यात उतरून पाहा. आमच्या लहानपणी बायका वाळूत हातभर झिरा उकरायच्या आणि गोड पाणी घरी न्यायच्या. वाळू पाणी धरून ठेवते आणि हळूहळू काठच्या विहिरींना देते. वाळू उपसली की पाण्याचे हे कोठारच मोडते. पात्रात खड्डे राहतात, पूर आला की त्यात पोहणारी पोरे बुडतात आणि उन्हाळ्यात विहिरी लवकर आटतात. वाळू नेणारा दूरचा कोणी असेल, पण आपल्या घराचा ओटा बांधताना ती कुठून आली, हे आपणही विचारत नाही. सायंकाळी त्याच नदीची आरती करतो. ही दुसरी उधारी.

तिसरी उधारी लोककलेची, आणि इथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे.

गोंधळ तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन प्रकार. एकांची माहूरची रेणुका, दुसऱ्यांची तुळजापूरची भवानी. गोंधळाच्या आरंभी देवदेवतांना त्यांच्या त्यांच्या गावावरून बोलावतात. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशी गावामागून गावे येतात. शाळेत नकाशा टांगला जाण्यापूर्वी आपल्या आजीपणजीला महाराष्ट्राचा भूगोल या गोंधळ्याने शिकवला. आपल्या परभणीचे राजारामभाऊ कदम यांनी तर ही कला फार मोठ्या मानाला नेली.

काही वर्षांपूर्वी १७ सप्टेंबरच्या एका समारंभाची व्यवस्था माझ्याकडे होती. मी एका निवृत्त हवालदारांना आणि जवळच्या खेड्यातल्या एका वृद्ध गोंधळ्याला बोलावले. भाषणे लांबली. गोंधळी बाबांना मी म्हणालो, "बाबा, दहाच मिनिटं घ्या." त्यांनी दहा मिनिटांत उरकले. आम्ही दोघांनाही शाल, श्रीफळ दिले, फोटो काढला. मंडप रिकामा होऊ लागला तेव्हा बाबा माझ्याजवळ आले आणि संकोचाने म्हणाले, "सर, परतीच्या तिकिटाचं काही हाय का?"

मी खिशात हात घालेपर्यंत हवालदार पुढे झाले. "चला बाबा, मला तिकडंच जायचंय," असे म्हणून त्यांनी बाबांना आपल्या मोटारसायकलवर बसवले. त्यांचे गाव तिकडे नव्हते, हे मला ठाऊक होते.

दुसऱ्या आठवड्यात मी बाबांच्या घरी गेलो. भिंतीला संबळ टांगलेला होता. एका बाजूचे कातडे फाटले होते. मी माफी मागितली. ते म्हणाले, "सर, शाली लई झाल्या. चार हायेत घरात. ह्याचं कातडं कोन बदलून देनार, ते सांगा. अन् पोरगं पुन्याला कंपनीत हाय. त्याला हे शिकवू कशापायी?" मला उत्तर देता आले नाही. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाने रचला, तेव्हा त्याला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. आणि माझ्या हातून बाबांना परतीचे तिकीटही मिळाले नव्हते.

संबळाचे कातडे आम्ही काही मित्रांनी बदलून घेतले. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. तिचा अर्ज भरायला त्यांना मदत केली. पण खरे समाधान वेगळ्याच गोष्टीत मिळाले. त्या गावच्या शाळेतल्या बाईंनी बाबांना दर शनिवारी तासभर बोलावायला सुरुवात केली. मोबदला गावकरी वर्गणीतून देतात. थोडा असतो, पण ठरल्या दिवशी देतात. आता चार-पाच मुले तुणतुणे वाजवतात. त्यांतली एक मुलगी आहे. "आमच्यात बायामानसं संबळ धरत न्हाईत," असे बाबा आधी म्हणाले, आणि मग त्यांनीच तिच्या हातात टिपऱ्या दिल्या.

म्हणून शिक्षक मित्रांनो, माझी एक विनंती आहे. शाळेत एक साधी वही घाला. तिचे तीन भाग करा. पहिल्या भागात गावातून सैन्यात गेलेल्यांची नावे, त्यांची पलटण आणि ते आज कुठे आहेत, किंवा त्यांच्या घरी कोण आहे. दुसऱ्यात गावची नदी, ओढे, विहिरी, जुनी झाडे, कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते. तिसऱ्यात गावातले गोंधळी, वासुदेव, भारूड म्हणणारे, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आजीबाई. त्यांना काय येते आणि त्यांच्यापाशी कोण शिकते. माहिती मुलांनी घरोघर जाऊन आणावी. आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना मोकळा ठेवा : यंदा आपण यांच्यासाठी काय केले?

दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर ही वही मोठ्याने वाचा. भाषण एखादे कमी झाले तरी चालेल. पहिल्या वर्षी तो शेवटचा रकाना बहुतेक कोराच असेल. तो कोरा आहे हे सगळ्या गावाने ऐकू द्या. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पुढच्या वर्षी एखादी ओळ भरलेली असली पाहिजे, एवढेच.

आणि शेतकरी बंधूंनो, मायबहिणींनो, मुले वही घेऊन तुमच्या दारी आली तर त्यांना हाकलू नका. बाजेवर बसवा, पाणी द्या आणि आठवते ते सगळे सांगा. 'भारतात परभणी' असे म्हणण्याचा अधिकार त्या वहीतून मिळेल.