दंतवैद्याचे मदतनीस



दंतवैद्याच्या हाती हत्यारे द्यावयाची, एवढेच मदतनिसाचे काम, असा आपला समज आहे. परंतु अमेरिकेत डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करण्याची विद्या शिकविली. न्यूझीलंडमध्ये १९२१ साली सुरू झालेल्या दोन वर्षांच्या शिक्षणक्रमातून तयार झालेल्या दंतपरिचारिका शाळेतच मुलांचे किडके दात भरू लागल्या. आपल्या १९४८ च्या कायद्यानेही दंतस्वच्छता करणाऱ्यांचा निराळा वर्ग मानला. मात्र जेवढे शिक्षण तेवढाच अधिकार. अर्धशिक्षित हाताने रोग्याचा घात होतो.

या शिक्षणासाठी आलेला एका कन्येचा अर्ज आपल्या निधीने गतवर्षी ‘हलके काम’ म्हणून परत केला. यंदा तो स्वीकारावा, ही नम्र विनंती.