फोटोचे ठिपके आणि लेबलवरची अक्षरं



दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर आल्या की घाटकोपर-मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आपल्या बचत गटांची लेबल छापायची घाई सुरू होते. मोबाइलवर चकलीचा फोटो झकास दिसतो, पाकिटावर मात्र धुरकट. दर वेळी दोष शाईचा नसतो. फोटोचं रिझोल्यूशन कमी पडलेलं असतं.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. तेवढेच ठिपके मोठ्या अंगणात पसरले, तर विरळ दिसणारच. हातात धरून बघायच्या छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके धरतात. लेबल ४ इंच रुंद आणि ३ इंच उंच असेल, तर १२०० गुणिले ९०० पिक्सेल हवेत. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो साधारण ४००० गुणिले ३००० असतो, म्हणजे भरपूर झालं. तोच लहान करून ६०० रुंदीचा सेव्ह केला, तर इंचाला १५०च उरतात. मग सेटिंगमध्ये नुसता ३०० आकडा टाकून नवे ठिपके येत नाहीत.

स्टॉलच्या बॅनरचं गणित वेगळं. ६ फूट म्हणजे ७२ इंच. ४००० ला ७२ने भागलं की इंचाला सुमारे ५५ येतात. बॅनर लांबून बघायचा असतो, म्हणून तेवढे चालतात.

आम्ही गटांच्या बैठकीत तीन गोष्टी सांगतो. मूळ फोटो जपून ठेवा, बदल त्याच्या कॉपीवर करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून छपाईवाल्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅनव्हामध्ये लेबल केलं असेल, तर डाउनलोड करताना ‘पीडीएफ प्रिंट’ निवडा.

आणि जुन्या लेबलचा फोटो काढून त्यावरून नवं छापू नका. अक्षरं पुन्हा टाइप करा. गिऱ्हाईक पाकीट उलटून एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आणि तारीख बघतं. ते वाचता आलं नाही, तर भाजणी कितीही खमंग असो, पाकीट परत ठेवलं जातं.

छपाईचा खर्च गटाच्या पैशातून जातो. म्हणून आधी एकच लेबल छापून घ्या, गटातल्या चष्मेवाल्या काकूंना वाचायला द्या. त्यांना वाचता आलं, की मगच बाकीची छापा.