लहान गावात राहणे
(गव्हाण, तालुका पनवेल येथील तरुण मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहान गावात राहणे म्हणजे काय, यावर आम्ही दोन शब्द बोलावे असे तुम्ही सुचविले. या विषयावर शहरातील मंडळी फार गोड बोलतात. त्यांस मोकळी हवा दिसते, साधी भोळी माणसे दिसतात. आम्हांस तसे बोलता येणार नाही, कारण आम्ही येथेच जन्मलो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांस चांगलेच सुनावले. खेडे हे संकुचित वृत्तीचे आणि अज्ञानाचे आगर आहे, असे त्यांचे मत होते. पुष्कळांस ते झोंबले. परंतु ज्याची वस्ती गावकुसाबाहेर आणि ज्याचा पाणवठा निराळा, त्यास त्यात झोंबण्यासारखे काय होते?

लहान गावात काही लपत नाही. कोणाची सून माहेरी का गेली, कोणी कोणाकडून किती उसने घेतले, हे दिवेलागणीच्या आत साऱ्या आळीस कळते. हा जाच खराच. पण याच डोळ्यांना पूर्वी दुसरेही एक काम होते. आपली भातशेती खाडीकाठची, खारजमिनीतली. मातीचा बांध आणि त्यातली उघाडी, एवढ्यावर समुद्र बाहेर राहायचा. उधाणाला बांधास खांड पडली की खारे पाणी शेतात शिरे, आणि पावसाने ते मीठ धुऊन निघेपर्यंत पिकाचे नाव नको. खांड एकाच्या शेताशी पडे, बुडत मात्र सारे. म्हणून रात्री हाक आली की ज्याच्याशी सहा महिने अबोला, त्याच्याही खांद्याला खांदा लावून चिखलाची ढेकळे टाकावी लागत. कोणी घरात निजून राहिला तर सकाळी त्यास तोंड दाखविण्याची सोय नसे. खेड्याचा चांगुलपणा म्हणून ज्याचे कौतुक होते तो बराचसा या बांधाने शिकविलेला. आमचे वाडवडील काही देवमाणसे नव्हती!

१९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्याचे ठरले, त्यात गव्हाणही आले. शेत गेले, तसा बांध गेला. बांधाबरोबर रात्रीची हाक गेली. एकमेकांच्या घरात डोकावणारे डोळे मात्र जागच्या जागी राहिले.

हाक अगदीच विझली होती असे मात्र नाही. जानेवारी १९८४ मध्ये शेजारच्या जासई भागात दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखाली शेतकरी उठले, गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण दिले. त्या झगड्याच्या पुण्याईवर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आपल्या पदरात पडले. याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे खोताची जमीन कसली नाही. उपास काढले, पण फुटले नाहीत. अशा लोकांची आपण नातवंडे.

आणि मिळालेल्या त्या पैशाचे आपण काय केले? राग मानू नका. हळदीच्या एका रात्रीत, कर्ण्यांच्या भिंती उभारून आणि हजार पाने उठवून, किती भूखंड विरघळले याचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. आपल्या आजीच्या लग्नात धवलारीण धवले गाई आणि तिच्याच तोंडून लग्न लागे. भटजीची दक्षिणा नाही, सावकाराचा कागद नाही. जी गोष्ट सत्यशोधकांना गावोगाव फिरून शिकवावी लागली, ती आपल्या आगरी बायांच्या कंठात आधीच होती. तिला आपण गावंढळ म्हणून बाजूस सारले, आणि तिच्या जागी कर्ज आणून बसविले.

असो. आज आम्ही मुख्यतः घराविषयी बोलण्यास उभे आहोत. १२ जानेवारी २०२४ रोजी न्हावा-शेवाचा अटल सेतू खुला झाला, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. जगाचा रस्ता आपल्या दारावरून गेला. पण ते दार कायद्याने कोणाचे? गावठाणाची जुनी रेघ होती तेथेच राहिली, घरात मात्र दोनाचे दहा झाले. मुलाने बापाच्याच जुन्या शेतात खोली बांधली, तर कागदावर तो अतिक्रमण करणारा! २०२२ साली शासनाने गावठाणापासून अडीचशे मीटरपर्यंतची प्रकल्पग्रस्तांची घरे नियमित करण्याचा निर्णय काढला. निर्णय कागदावर आहे. कागद आपल्या घरात किती जणांच्या आहे? आमच्याच घराची पावती आम्ही परवा शोधावयास गेलो, ती देवाच्या फोटोमागे अर्धी वाळवीने खाल्लेली सापडली. दुसऱ्यास काय सांगावे!

म्हणून मागणे एवढेच. या आठवड्यात प्रत्येकाने घरपट्टीच्या पावत्या, जुना सातबारा व भूसंपादनाची नोटीस एका पिशवीत घालावी. घरावर घरधनिणीचेही नाव लावण्याचा अर्ज द्यावा. ती सही करील, अंगठा उठवील, पण नाव लागू द्यावे. शेजाऱ्याशी अबोला असेल तरी त्याच्या घराचे माप घेताना फितीचे दुसरे टोक धरावे. आणि ग्रामसभेस यावे. मागल्या खेपेस आम्ही मोजले, बाया सात होत्या. यंदा १ मेच्या सभेस सासू व सून दोघींनी एकाच वेळी घर सोडून यावे. चुलीवरचे भात एक दिवस पुरुषांनी पाहावे.