उलट चालीचा प्रश्न

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपयांत घडविलेली, किक मारून सुरू होणारी छोटी गाडी २०२१ साली सर्वत्र गाजली. अशा घरगुती गाडीस मोटारसायकलचे एंजिन बसविले, की एक अडचण ठरलेली. त्या एंजिनाच्या गिअरपेटीत बहुधा उलट चाल नसते. दुचाकी पायाने मागे रेटता येते. पण माणसांनी भरलेली गाडी आमच्या गोरेगावच्या एखाद्या बोळात अडकली, तर उतरून ढकलावी कोणी?

यावर सोपा उपाय म्हणजे विजेची स्वतंत्र मोटर. ती बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालून साखळीच्या द्वारे मागील आस उलट फिरविते. होंडा कंपनीच्या १९८८ सालच्या गोल्ड विंग या अवजड मोटारसायकलीत हे काम स्टार्टरकडूनच करून घेतले होते. मात्र स्टार्टर हा क्षणभराच्या श्रमासाठी घडलेला. चार-सहा वार गेल्यावर त्यास विसावा द्यावा, नाहीतर तो तापतो.

खरी मेख पुढेच आहे. गाडी पुढे धावत असता मोटर आसास जोडलेलीच राहिली, तर आस तिला भरमसाट वेगाने फिरवील आणि आतील तारांची वेटोळी उधळतील. एंजिन गिअरमध्ये असता ती सुरू झाली, तर दोन शक्तींची झुंज लागून साखळी तुटेल. म्हणून जोड सुटी करणारा दांडा हवा, आणि न्यूट्रलवाचून बटन चालू न होईल अशी तारजोडणीही हवी. हौशी कारागीर नेमका हाच खर्च वाचवितात, ते मला मुळीच पसंत नाही. त्याच बटनावर मागे एक दिवा व घंटाही जोडावी. अंगणात मुले खेळत असतात.

अर्थात, ऑटोरिक्षाची जुनी गिअरपेटी मिळत असेल, तर तीत उलट चाल मुळातच असते. मग हा खटाटोप नको.