चावी दुसऱ्याच्या हातात
(सांता क्लारा येथे मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात केलेले भाषण)



समोर फराळ दिसत असताना भाषण ऐकणं कठीण, म्हणून कार्टूनपासूनच सुरुवात करतो.

घरात मुलं असतील तर 'स्पंजबॉब' तुम्हाला माहीत असणारच. १९९९ साली ही मालिका सुरू करणारे स्टीफन हिलनबर्ग आधी इथेच कॅलिफोर्नियात समुद्री जीवशास्त्र शिकवायचे. तिच्या एका भागात हॉटेलमालक क्रॅब्ज जखमी होऊन इस्पितळात जातात आणि गल्ल्यावरच्या स्क्विडवर्डला म्हणतात, "आजपासून तू बघ." हा पठ्ठ्या लगेच सगळं स्पंजबॉबवर सोपवून, कामं आहेत असं सांगून घरी सटकतो. पण चैन कुठे पडायला? काहीतरी गडबड झाली असेल या धास्तीने तो पुन्हा पुन्हा हॉटेलकडे पळत येतो. स्पंजबॉब मात्र गल्ल्यावर शांत उभा!

माझी मुलगी पोट धरून हसत होती. मी नाही हसलो.

मागच्या वर्षी आईच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला गेलो होतो. प्रोजेक्ट एका ज्युनिअर मुलाकडे देऊन निघालो. आईच्या खाटेशेजारी बसलो, पण लॅपटॉप उघडाच. रात्री दोनला उठून त्याला फोन करायचो. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, तू नक्की आलायस का रे?" काय उत्तर देणार? त्या मुलाने सगळं काम व्यवस्थित केलं होतं. त्याला त्रास एकाच गोष्टीचा झाला, माझ्या फोनचा. आणि आईजवळचे ते चार दिवस काही मला परत मिळणार नाहीत.

आपल्याकडे तर अख्खी हॉटेलंच नोकरांवर येऊन पडली होती. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस निघालं. पुढे १९५०च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था काढल्या. १९५७ साली बंगलोरला पहिली संस्था झाली आणि त्याच वर्षी दिल्लीत त्यांचं स्वतःचं कॉफी हाऊस उघडलं. काल कपबश्या उचलणारी माणसं आज हिशेब बघू लागली. मॅनेजमेंटचा कोर्स कुणीच केला नव्हता, पण इंडियन कॉफी हाऊस आजही चालू आहे.

म्हणून कमिटीला एक विनंती. पुढच्या वर्षीची दिवाळी आपल्या कॉलेजातल्या मुलांकडे सोपवूया. हॉलच्या बुकिंगपासून चकलीच्या ऑर्डरपर्यंत सगळं. काही चुकेल, एखादं नाटक लांबेल, चहा कमी पडेल. पडू दे. आपण प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवू.

मी शब्द देतो, मुलांना फोन करणार नाही. फार तर एकदाच, चहाचं विचारायला!

शुभ दीपावली!