सुरूच्या मुळांवरच्या गाठी

भुईमूग उपटला की मुळांवर गाठी दिसतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण हा मान काही एकट्या शेंगवर्गीय पिकांचा नाही. आपल्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाड बघा. त्याला शेंगा येत नाहीत, तरी पुळणीच्या रेतीत ते जोमानं वाढतं. कशाच्या जोरावर? त्याच्याही मुळांवर गाठी असतात!

या गाठींत ‘फ्रँकिया’ नावाचे तंतूसारखे वाढणारे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र देतात. भुईमुगाची गाठ सुटी नि गोल. सुरूची गाठ पोवळ्यासारखी, फाटे फुटलेली. भुईमुगाचं जिवाणू-खत मात्र सुरूला चालत नाही. प्रत्येकाचा सोबती निराळा.

सुरू मूळचं आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचं झाड. जिथे ते पूर्वी कधी नव्हतं, तिथल्या मातीत त्याचा जिवाणू असेलच असं नाही. मग रोपं पिवळी पडतात, खुरटतात. खारं वारं अडवायला वाडीच्या कडेनं सुरू लावावं, नि तेच उभं राहू नये, म्हणजे मेहनत आणि पैसा दोन्ही वाया.

यावर उपाय घरचाच आहे. जुन्या, निरोगी सुरूच्या बारीक मुळांवरच्या ताज्या गाठी काढा. स्वच्छ धुवा, ठेचा, पाण्यात कालवा आणि लगेच ते पाणी रोपांच्या बुडाशी घाला. मर लागलेल्या झाडाच्या गाठी किंवा त्याखालची माती मुळीच आणू नका. रोग सोबत येईल. दोनेक महिन्यांनी एखादं रोप अलगद उपटून गाठी धरल्या का ते पाहा. गाठी असलेलीच रोपं लावणीला घ्या.

आणखी एक. रोप पिवळं दिसलं म्हणून युरियाची मूठ मारू नका. आयता नत्र मिळाला की रोप गाठी धरायला आळस करतं. त्यापेक्षा थोडं स्फुरद द्या, आणि वाफ्यात पाणी साचू देऊ नका.

सुरूचा जिवाणू शेजारच्या भाताला काही देणार नाही, हेही ध्यानात असू द्या. त्याचा पाला कुजेल तेव्हाच जमिनीला नत्र मिळेल, तोही सावकाश. म्हणून पाला जाळू नका.