परमुलखातील पहिले दिवस
(विद्याभ्यासासाठी परदेशी निघालेल्या धर्मग्रामातील युवक-युवतींच्या निरोपप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षात पुष्कळ समारंभ झाले. परंतु आजचा हा लहानसा मेळावा मला विशेष मोलाचा वाटतो. तुमच्यापैकी काही जण थोड्याच दिवसांत विद्येसाठी समुद्रापलीकडे जावयास निघाला आहात. पेट्या भरल्या जात आहेत, आईने लोणच्याच्या बरण्या निराळ्या काढून ठेवल्या आहेत, आणि कर्जाच्या कागदावर सही करताना वडिलांनी आपला हात थरथरू दिला नाही, हेही मी जाणतो. अशा वेळी उपदेशाची लांबलचक माळ तुमच्या गळ्यात घालण्यापेक्षा, परमुलखात गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या पहिल्या दिवसांची हकीकत सांगावी असे मी योजिले आहे. तो विद्यार्थी म्हणजे संत इग्नेशियस लोयोला.

संतांची चित्रे आपण पाहतो ती प्रभावळीसहित. त्यामुळे खोलीचे भाडे देता न आल्याने बिऱ्हाड सोडावे लागलेला विद्यार्थीही त्यांच्यात होऊन गेला, याचा आपणांस सहज विसर पडतो. इग्नेशियस हे बास्क प्रांतातील एका सरदार घराण्यात जन्मले. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले. तिशी उलटल्यावर त्यांनी बार्सिलोनात लॅटिन व्याकरणास हात घातला. पुढे आल्काला व सालामांका येथे शिक्षण घेऊ पाहिले, परंतु ते नीट साधेना. अखेरीस भर हिवाळ्यात, एकटे आणि पायी, ते बार्सिलोनाहून पॅरिसला निघाले आणि २ फेब्रुवारी १५२८ रोजी तेथे पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस-सदतीस वर्षांचे होते.

प्रथम द्रव्याची गोष्ट घ्या. बार्सिलोनाहून आणलेल्या हुंडीवर पॅरिसच्या एका व्यापाऱ्याने त्यांस पंचवीस एस्कुदो दिले. ते त्यांनी बिऱ्हाडातील एका स्पॅनिश सोबत्याजवळ ठेवावयास दिले. आपल्या देशाचा, आपल्या भाषेचा मनुष्य. त्याजवर विश्वास न ठेवावा तर कोणावर? परंतु त्या गृहस्थाने ती रक्कम थोड्याच दिवसांत खर्चून टाकली, आणि परत द्यावयास त्याजपाशी काही उरले नाही. उपवासकाळ संपतो न संपतो तोच इग्नेशियस निष्कांचन झाले. त्यांस बिऱ्हाड सोडून भिक्षा मागावी लागली.

मुलांनो, चारशे नव्वदांहून अधिक वर्षे लोटली, तरी ही गोष्ट जुनी झालेली नाही. जर्मनीत शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षाच्या निर्वाहासाठी ११,९०४ युरो एका बंदिस्त खात्यात ठेवावे, आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच त्याच्या हाती यावे, असा दंडक २०२४ साली ठरला. सारी पुंजी एकदम हाती असू नये, हे शहाणपण त्यात आहे. तेच तुम्हीही पाळा. न पाहिलेल्या घरासाठी, न पाहिलेल्या मनुष्यास, पावतीवाचून आगाऊ पैसे देऊ नका. मग तो मराठी बोलणारा का असेना.

दुसरी गोष्ट निवाऱ्याची. इग्नेशियसना संत याकोबाच्या नावाच्या धर्मशाळेत आसरा मिळाला. पण ती धर्मशाळा सीन नदीच्या एका तीरावर, आणि त्यांचे मोंतेग्यू विद्यालय दुसऱ्या तीरावरील टेकडीवर. सायंकाळी आवे मारियाची घंटा होण्यापूर्वी धर्मशाळेत परतावे लागे, व दिवस उजाडल्याखेरीज बाहेर पडता येत नसे. विद्यालयातील पाठ तर पहाटेच्या अंधारातच सुरू होत. अशा रीतीने ज्या विद्येसाठी एवढी पायपीट केली, तीच हातातून निसटू लागली. स्वस्त खोली दूर मिळाली तर तिचे भाडे आपण कोठून तरी भरतोच. कधी झोपेतून, कधी अभ्यासातून. म्हणून खोली पाहताना केवळ पैसे मोजू नका, वेळही मोजा.

तिसरी गोष्ट मानाची. आपला पाया कच्चा आहे हे ओळखून इग्नेशियस मोंतेग्यूत लहान मुलांबरोबर व्याकरणाच्या वर्गात बसले. ज्याने किल्ल्याच्या तटावर लढावे, त्याने बाकावर पोरांच्या शेजारी बसून विभक्ती घोकाव्या! तुम्ही येथे वर्गात पहिले येत असाल. तेथे पहिल्या आठवड्यात दुकानदाराचे बोलणेही कळणार नाही. समजले नाही तर 'समजले नाही' असे म्हणण्यास लाजू नका. जो पुन्हा लहान व्हावयास तयार नसतो, त्यास परका देश काही शिकवीत नाही.

आता मला जे मुख्यत्वेकरून सांगावयाचे आहे त्याकडे येतो. या साऱ्या अडचणी आपणांस ठाऊक आहेत त्या कशामुळे? आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत इग्नेशियसनीच आपल्या एका सोबत्यास त्या तपशीलवार सांगितल्या. आपण फसलो, भिक्षा मागितली, नोकर म्हणून राहण्यास धनी शोधला व तोही मिळाला नाही, हे त्यांनी लपविले नाही. आमची मुले मात्र लपवितात. दूरध्वनीवर 'सारे ठीक आहे' म्हणतात आणि उपाशी निजतात. ती असे का करतात, मातापित्यांनो, याचा विचार आपणही करावा. घेतलेल्या कर्जाची आठवण दर खेपेस देत राहिलो, अमक्याचा मुलगा कसा मिळवू लागला हे ऐकवीत राहिलो, तर मूल आपली हानी आपणांस सांगणार कसे? पैसा गेला तर पुन्हा मिळेल. मुलाची जीभ एकदा मुकी झाली तर ती उघडणे कठीण.

इग्नेशियसनी दुःख बोलून दाखविले, सल्ला विचारला, म्हणूनच वाट सापडली. एका स्पॅनिश धर्मबंधूने त्यांस सुचविले की दर वर्षी दोनेक महिने फ्लँडर्समधील व्यापाऱ्यांकडे जाऊन वर्षाची तरतूद करावी, म्हणजे उरलेला काळ अभ्यासास मोकळा मिळेल. त्यांनी तसे केले. पुढे १५२९ साली ते सँत-बार्ब विद्यालयात राहावयास गेले. तेथे खोलीत दोन तरुण होते: सव्हॉयचा मेंढपाळ पीटर फेबर, आणि नव्हारच्या वाड्यातील फ्रान्सिस झेवियर. फेबरने त्यांस ॲरिस्टॉटलचे पाठ समजावून दिले. फ्रान्सिसचे मन या वयस्क सोबत्याकडे प्रथम वळेना. ते हळूहळू वळले. तोच फ्रान्सिस ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला, आणि आपल्या वसईच्या भूमीसही त्याचे पाय लागले. तेव्हा मुलांनो, खोलीतील सोबती पहिल्या दिवशी आवडला नाही, तर लगेच पाठ फिरवू नका.

पैसे उडविणाऱ्या त्या सोबत्याचे पुढे काय झाले? स्पेनला परतताना तो रुआं शहरी आजारी पडला, आणि त्याने पत्र कोणास लिहावे? इग्नेशियसना! पहाटे निघताना त्यांच्या मनात एवढी भीती दाटली की वस्त्रे अंगावर घालणेही जड गेले. तरी ते अनवाणी, अन्नपाण्यावाचून, तीन दिवस चालत त्याजकडे गेले, त्यास धीर दिला व स्पेनला जाणाऱ्या जहाजात बसवून दिले. फसविले गेल्यावर सावध होणे हे शहाणपण आहे. परंतु फसविले गेल्यावर कठोर होणे ही दुसरी हानी आहे, आणि ती पहिलीहून मोठी. तुमची पहिली हानी कदाचित टळणार नाही. दुसरी तुमच्या हाती आहे.

शेवटी माझ्या धर्मग्रामस्थांस एक विनंती. इग्नेशियसना आसरा देणारी ती धर्मशाळा कोंपोस्तेलाच्या यात्रेकरूंसाठी सुमारे दोनशे वर्षे आधी बांधली गेली होती. ज्यांनी ती बांधली, त्यांनी तिच्या दाराशी कोण येणार आहे हे पाहिले नव्हते. आपल्या गावीही आज दूरदूरच्या प्रांतांतून शिकावयास मुले येतात, रुग्णालयांत परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली येतात. रविवारच्या मिस्सानंतर त्या दारापाशी एकट्या उभ्या असतात. आपल्या मुलामुलींस परमुलखात कोणी तरी जेवावयास बोलवावे, अशी आपण प्रार्थना करतो. तीच प्रार्थना त्या मुलींच्या घरीही कोणी आई करीत असेल. तिचे उत्तर देणे आपल्या हाती आहे. या महोत्सवी वर्षात प्रत्येक घराने अशा एकाला तरी रविवारी पानावर बसवावे.

मुलांनो, सुखरूप जा. पोहोचल्याचे कळवा, आणि काही बिघडले तर तेही कळवा. प्रभू तुमच्या जाण्यायेण्याचे रक्षण करो.